फियाट १.३ मल्टीजेट इंजिन

फियाट १.३ मल्टीजेट हे लहान व मध्यम आकाराच्या मोटारींसाठी बनविलेले चार सिलिंडरांचे, १,२४८ घन सेंटिमीटर क्षमतेचे डिझेल इंजिन आहे. इटलीतील फियाट आणि अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपन्यांच्या भागीदारीच्या काळात ते विकसित झाले व २००३ मध्ये बाजारात आले. भारतात हेच इंजिन मारुती सुझुकीने 'डीडीआयएस', टाटा मोटर्सने 'क्वाड्राजेट' आणि फियाटने 'मल्टीजेट' या नावांनी वापरले. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत एकच इंजिन असल्यामुळे भारतातील मोटारप्रेमी त्याला गमतीने 'राष्ट्रीय डिझेल इंजिन' म्हणत. भारत स्टेज ६ ही प्रदूषण-मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली, तेव्हा भारतातील नव्या मोटारींमधून ते बाहेर पडले. तथापि, ते बसविलेल्या गाड्या आजही मोठ्या संख्येने रस्त्यावर असून त्यांची खरेदी-विक्री चालू असते. त्यामुळे या इंजिनाची रचना व विश्वासार्हता हा विषय आजही उपयुक्त ठरतो.

पार्श्वभूमी

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरातील हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. जर्मन अभियंता रुडोल्फ डिझेल याचे या तत्त्वावरील पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे चालले. कमी इंधनात अधिक काम हा या इंजिनाचा गुण. तर आवाज, धूर, थरथर आणि वजन हे त्याचे दोष. या दोषांमुळे ते दीर्घकाळ जहाजे, ट्रॅक्टर, मालमोटारी आणि बसगाड्या यांतच प्रामुख्याने वापरले गेले.

हे दोष मुख्यतः इंधन फवारण्याच्या पद्धतीशी निगडित होते. जुन्या पद्धतीत पंपाचा दाब इंजिनाच्या वेगावर अवलंबून असे. इंजिन हळू फिरत असताना दाब कमी पडे, फवारा जाड होई आणि डिझेल अर्धवट जळून काळा धूर निघे. यावर उपाय म्हणून 'कॉमन रेल' ही पद्धत पुढे आली. तीत पंप इंधनाला सतत उच्च दाबाखाली एका सामाईक नळीत साठवून ठेवतो आणि प्रत्येक सिलिंडराचा इंजेक्टर विजेच्या संकेताने, हव्या त्या क्षणी उघडतो. दाब निर्माण करणे आणि इंधन फवारणे ही दोन कामे वेगळी झाल्यामुळे इंजिनाचा वेग कितीही असला, तरी पुरेसा दाब मिळू शकतो.

मोटारींसाठी या पद्धतीचे संशोधन फियाट समूहात झाले. ती कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनविण्याजोगी करण्याचे काम बॉश या जर्मन कंपनीने केले. १९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ ही कॉमन रेल डिझेल इंजिन असलेली मोटार विक्रीस आली. त्या इंजिनात एका चक्रात दोनदा इंधन फवारले जाई. त्याच्या पुढील पिढीत ही संख्या वाढविण्यात आली आणि त्या पद्धतीला 'मल्टीजेट', म्हणजे अनेक फवारे असलेली, हे नाव मिळाले. १.३ लिटरचे इंजिन हे याच पिढीतील लहान भावंड होय. त्याचे यूरोपातील उत्पादन पोलंडमधील बिएल्स्को-बियावा येथील कारखान्यात झाले. २००५ मध्ये त्याला १ ते १.४ लिटर गटात 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा पुरस्कार मिळाला.

रचना

या इंजिनातील प्रत्येक सिलिंडराचा व्यास ६९.६ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८२ मिलिमीटर आहे. व्यासापेक्षा धाव अधिक असलेली ही रचना कमी वेगात जोर देण्यास अनुकूल असते. प्रत्येक सिलिंडराला चार याप्रमाणे एकूण सोळा झडपा असून त्या दोन कॅमशाफ्टांनी उघडल्या व मिटल्या जातात. मुख्य ठोकळा बिडाचा, तर त्यावरील हेड ॲल्युमिनियमचे आहे. बीड जड असले, तरी डिझेलच्या स्फोटाचा मोठा दाब ते दीर्घकाळ सोसते. असे असूनही इंजिनाचे वजन सुमारे १३० किलोग्रॅम, लांबी ५० सेंटिमीटरांहून कमी आणि उंची सुमारे ६५ सेंटिमीटर एवढीच ठेवण्यात निर्मात्यांना यश आले. पेट्रोल इंजिनासाठी आखलेल्या लहान मोटारीत ते सहज बसू शकले, याचे कारण हेच.

मूळ आवृत्तीत हवा सुमारे १८ पट दाबली जाते. पुढील काही आवृत्त्यांत हे प्रमाण थोडे कमी करण्यात आले. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा मेळ राखण्यासाठी रबरी पट्ट्याऐवजी धातूची साखळी वापरली आहे. रबरी पट्टा ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागतो. साखळीसाठी तसे अंतर ठरवून दिलेले नव्हते. झडपा आणि त्यांना ढकलणारे भाग यांमधील फट तेलाच्या दाबावर आपोआप जुळते, त्यामुळे ती वेळोवेळी हाताने जुळवावी लागत नाही. अडीच लाख किलोमीटरपर्यंत यांत्रिक भागांची दुरुस्ती करावी लागू नये, असे उद्दिष्ट ठेवून या इंजिनाची आखणी झाली होती.

इंधन फवारणीची कार्यपद्धती

आवृत्तीनुसार या इंजिनातील इंधनाचा दाब १,४०० ते १,६०० बारपर्यंत जातो. एक बार म्हणजे साधारणपणे समुद्रसपाटीवरील हवेचा दाब. एवढ्या दाबाखालील डिझेल इंजेक्टरच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडताना त्याचे धुक्यासारखे कण होतात आणि ते हवेत चटकन मिसळून अधिक पूर्णपणे जळतात.

एका चक्रात जास्तीत जास्त पाच वेळा फवारणी करता येते. लागोपाठच्या दोन फवाऱ्यांतील किमान अंतर आधीच्या पिढीत सुमारे १,५०० मायक्रोसेकंद होते. ते येथे १५० मायक्रोसेकंदांपर्यंत खाली आले. फवाऱ्यांची कामे पुढीलप्रमाणे विभागलेली असतात :

- पूर्व-फवारा : मुख्य फवाऱ्याआधी अगदी थोडे डिझेल सोडून सिलिंडर तयार केला जातो. त्यामुळे दाब एकदम न वाढता क्रमाने वाढतो आणि डिझेल इंजिनाचा परिचित 'खडखड' आवाज कमी होतो.
- मुख्य फवारा : गाडी ओढण्यासाठी लागणारी बहुतेक शक्ती यातून मिळते.
- अनुफवारा : मुख्य ज्वलनात उरलेली काजळी जाळण्यासाठी तो उपयोगी पडतो.
- उत्तर-फवारा : काजळी-गाळणी असलेल्या आवृत्त्यांत निकास-वायू अधिक तापवून गाळणी स्वच्छ करण्यासाठी तो वापरला जातो.

इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर चारही सिलिंडर मिळून सेकंदाला सुमारे ६७ वेळा ज्वलन होते. प्रत्येक ज्वलनासाठी तीन फवारे धरले, तर सेकंदाला सुमारे २०० फवारे होतात. हे काम यांत्रिक पंपाला जमणारे नसल्याने ते इंजिनाच्या संगणकीय नियंत्रकाकडे सोपविलेले असते. प्रवेगकाची स्थिती, इंजिनाचा वेग, तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे प्रमाण पाहून तो फवाऱ्यांची संख्या, वेळ आणि मात्रा ठरवितो.

टर्बोचार्जर आणि शक्ती

बाहेर जाणाऱ्या निकास-वायूच्या जोरावर एक चक्र फिरवून त्याद्वारे अधिक हवा सिलिंडरात कोंबणारे साधन म्हणजे टर्बोचार्जर. अधिक हवा मिळाल्याने अधिक इंधन जाळता येते आणि लहान इंजिनातूनही मोठी शक्ती मिळते. १.३ मल्टीजेट दोन प्रमुख रूपांत मिळत असे. स्थिर रचनेच्या टर्बोचार्जरसह ते सुमारे ७० ते ७५ अश्वशक्ती देई. मारुती स्विफ्टमधील आवृत्तीची शक्ती ७५ अश्वशक्ती आणि टॉर्क १९० न्यूटन-मीटर होता. दुसऱ्या रूपातील टर्बोचार्जरची पाती वायूच्या प्रवाहानुसार आपला कोन बदलतात. त्यामुळे शक्ती ९० अश्वशक्तीच्या आसपास आणि टॉर्क २०० न्यूटन-मीटरपर्यंत किंवा किंचित अधिक मिळे. मारुतीच्या एसएक्स४ व एर्टिगा आणि फियाटची लिनिया यांत हे रूप होते.

टर्बोचार्जरचे चक्र गती घेईपर्यंत इंजिन मंद वाटते. मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या खाली जोर कमी आणि त्यापुढे एकदम जोर, हा या इंजिनाचा स्वभाव चालकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. घाटात चढणीवर वेग कमी झाल्यास वेळीच खालचा गिअर टाकावा लागतो, तो यामुळेच. हा दोष यंत्रातील बिघाड नसून लहान क्षमतेच्या इंजिनावर टर्बोचार्जर बसविण्याचा स्वाभाविक परिणाम आहे.

भारतातील उत्पादन व वापर

मारुतीने जानेवारी २००७ मध्ये स्विफ्टची डिझेल आवृत्ती विक्रीस आणली. तिचे इंजिन फियाटच्या परवान्यानुसार हरियाणातील मानेसर येथे बनत असे. पुढे डिझायर, रिट्झ, एर्टिगा, सियाझ, एस-क्रॉस आणि व्हिटारा ब्रेझा या गाड्यांतही तेच आले. २०१५ मध्ये सियाझमध्ये त्याला लहान विद्युत-साहाय्याची जोड देण्यात आली.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या संयुक्त कारखान्यात २००८ पासून या इंजिनाचे उत्पादन होऊ लागले. टाटाची इंडिका व्हिस्टा आणि फियाटच्या लिनिया व ग्रँड पुंटो या मोटारी येथेच तयार होत. जनरल मोटर्सने शेव्हरोले सेल या मोटारीत हेच इंजिन, तर शेव्हरोले बीटमध्ये त्यावरून विकसित केलेले तीन सिलिंडरांचे ९३६ घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन वापरले.

या प्रसाराला इंधनाच्या किमतींचीही साथ होती. केंद्र सरकारने जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले. डिझेलचे दर मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत पूर्णपणे मुक्त झाले नव्हते. या काळात दोन्ही इंधनांच्या दरांतील अंतर वाढल्याने लहान डिझेल मोटारींची मागणी वाढली. रोज लांब अंतर कापणारे प्रवासी आणि टॅक्सीचालक हे तिचे स्वाभाविक ग्राहक होते.

विश्वासार्हता

या इंजिनाचा मूळ सांगाडा, म्हणजे बिडाचा ठोकळा, क्रँकशाफ्ट व दट्टे, मजबूत समजला जातो. नियमित देखभाल झालेल्या गाड्यांनी लाखांत मोजावी लागणारी अंतरे तोडल्याचे टॅक्सी व्यवसायात सर्रास दिसते. मात्र ही मजबुती देखभालीवर अवलंबून आहे. या इंजिनात आढळणारे अनेक गंभीर बिघाड वेगवेगळे दिसत असले, तरी त्यांचे मूळ पुष्कळदा वंगणतेलात सापडते.

वंगणतेल आणि टायमिंग साखळी

येथे वंगणतेल केवळ घर्षण कमी करीत नाही. साखळी ताणून धरणारा ताणक तेलाच्या दाबावर चालतो, झडपांची फट तेलाच्या दाबावर जुळते आणि टर्बोचार्जरचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. इंजिनात एकूण तेल मात्र तीन लिटरच्या आसपासच असते. त्यातील एक लिटर जळाले किंवा गळाले, तर एकतृतीयांश साठा संपतो. उरलेले तेल अधिक तापते, लवकर काळे व दाट होते आणि दाब अपुरा पडतो. अशा वेळी ताणक ढिला होतो, साखळीच्या सांध्यांची झीज वाढते आणि ती लांबते.

लांबलेली साखळी दात्यांवरून घसरली, तर झडपा चुकीच्या वेळी उघडतात आणि दट्टे त्यांच्यावर आदळू शकतात. हेडची मोठी व खर्चिक दुरुस्ती करावी लागते. थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने येणारा साखळीचा खळखळाट ही याची पूर्वसूचना होय. हा आवाज काही क्षणांत न थांबल्यास गाडी चालवीत राहणे धोक्याचे असते. साखळी बदलताना ताणक, मार्गदर्शक पट्ट्या व दातेरी चक्रेही बदलणे इष्ट. शिवाय कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्ट अचूक स्थितीत धरणारी खास हत्यारे लागतात.

यूरोपात काही आवृत्त्यांसाठी तेल बदलण्याचे अंतर ३०,००० किलोमीटरपर्यंत सांगितले गेले होते. भारतात ते साधारणतः १०,००० ते १५,००० किलोमीटर असे. धूळ, उष्णता आणि शहरातील थांबत-थांबत चालणारी वाहतूक यांमुळे तेल लवकर खराब होते, म्हणून कमी अंतर अधिक सुरक्षित ठरते. दोन देखभालींच्या मध्ये तेलाची पातळी मोजपट्टीने तपासणे हा या इंजिनासाठीचा सर्वांत स्वस्त विमा आहे. साखळीला बदलण्याचे अंतर ठरवून दिलेले नाही, याचा अर्थ तिला देखभाल लागत नाही असा नाही. तिची देखभाल तेलाच्या रूपाने होत असते.

टर्बोचार्जर

टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. तेल अस्वच्छ असेल किंवा त्याची नळी काजळीने अरुंद झाली असेल, तर दांड्याचे आधार झिजतात. शिट्टीसारखा आवाज, निळसर धूर आणि शक्ती घटणे ही त्याची लक्षणे होत. महामार्गावर वेगाने आल्यावर इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ मंद चालू ठेवावे, म्हणजे तप्त दांड्याभोवतीचे तेल जळत नाही.

ईजीआर झडप

ज्वलनाचे तापमान कमी करून नायट्रोजनची ऑक्साइडे घटविण्यासाठी निकास-वायूचा काही भाग पुन्हा सिलिंडरात सोडला जातो. हे काम ईजीआर झडप करते. वायूतील काजळी आणि तेलाची वाफ मिळून चिकट थर जमतो व झडप अडकते. इंजिन मंद चालताना अडखळणे, जोर कमी होणे आणि काळा धूर येणे ही लक्षणे दिसतात. केवळ शहरात कमी अंतर चालणाऱ्या गाड्यांत हा त्रास अधिक आढळतो. झडप काढून स्वच्छ केल्यास बहुधा काम भागते.

इंजेक्टर आणि इंधनाची शुद्धता

उच्च दाबाचा पंप आणि इंजेक्टर यांचे वंगण डिझेलनेच होते. डिझेलमध्ये पाणी किंवा रॉकेलची भेसळ असेल, तर हे अचूक भाग खरवडले जातात. म्हणून डिझेल-गाळणी वेळेवर बदलणे आणि तीत साचलेले पाणी काढून टाकणे आवश्यक असते. सुरू होण्यास विलंब आणि मंद गतीत असमान ठोके ही इंजेक्टर बिघडल्याची लक्षणे आहेत.

काजळी-गाळणी

यूरोपातील अनेक आवृत्त्यांत निकास-मार्गात काजळी-गाळणी असते. साचलेली काजळी जाळण्यासाठी तिचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. प्रवास छोटा असल्यास ही क्रिया अर्धवट राहते, उत्तर-फवाऱ्याचे न जळलेले डिझेल सिलिंडराच्या भिंतीवरून खाली उतरते आणि वंगणतेलात मिसळते. तेलाची पातळी वाढते, पण तेल पातळ होते. पातळी वाढलेली पाहून तेल पुरेसे आहे असे समजणे येथे चुकीचे ठरते. वंगणाची शक्ती घटल्याने पुन्हा साखळी आणि टर्बोचार्जर यांनाच धोका पोहोचतो.

वापरलेली मोटार निवडताना

या इंजिनाची जुनी मोटार घेताना केवळ एकूण अंतर पाहणे पुरेसे नसते. महामार्गावर चाललेली आणि वेळेवर तेल बदललेली दीड लाख किलोमीटरची गाडी, शहरात कमी अंतर चाललेल्या व देखभालीची नोंद नसलेल्या पन्नास हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा चांगल्या स्थितीत असू शकते. तेल बदलल्याच्या तारखा व अंतरे यांची नोंद, थंड इंजिन सुरू करतानाचा आवाज, धुराचा रंग आणि चढणीवरील जोर या चार गोष्टी तपासल्यास इंजिनाच्या प्रकृतीची बरीच कल्पना येते.

प्रदूषण-मानके आणि भारतातील अखेर

भारत स्टेज ४ मध्ये डिझेल मोटारीला प्रतिकिलोमीटर ०.२५ ग्रॅम नायट्रोजनची ऑक्साइडे आणि ०.०२५ ग्रॅम कणरूप पदार्थ सोडण्याची मुभा होती. भारत स्टेज ६ मध्ये या मर्यादा अनुक्रमे ०.०८ व ०.००४५ ग्रॅम झाल्या. डिझेलमधील गंधकाचे कमाल प्रमाणही दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आले. सुरुवातीच्या काळात हे इंजिन काजळी-गाळणीशिवाय युरो ४ मानके गाठू शके. नव्या मर्यादांसाठी मात्र महागडी निकास-शुद्धीकरण यंत्रणा अनिवार्य झाली.

यूरोपात याच इंजिनाची युरो ६ आवृत्ती निघाली होती. म्हणजे नवी मानके गाठणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हते. अडचण खर्चाची होती. लहान मोटारीच्या किमतीत या यंत्रणेचा खर्च सामावणे कठीण होते आणि डिझेल व पेट्रोल यांच्या दरांतील अंतरही कमी झाले होते. एप्रिल २०१९ मध्ये मारुती सुझुकीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी १ एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी न विकण्याचा निर्णय जाहीर केला. फियाटच्या मोटारींची भारतातील विक्री तोपर्यंत जवळजवळ संपली होती. अशा रीतीने हे इंजिन यांत्रिक दोषांमुळे नव्हे, तर स्वच्छ हवेच्या निकषांमुळे आणि ते पूर्ण करण्याच्या खर्चामुळे भारतीय बाजारातून मागे पडले.

महत्त्व

कमी इंधनात चालणारी, चार-पाच माणसांचे कुटुंब नेऊ शकणारी डिझेल मोटार भारतातील मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणण्यात १.३ मल्टीजेटचा मोठा वाटा आहे. बस व ट्रॅक्टर यांच्याशी जोडली गेलेली डिझेलची प्रतिमाही त्यामुळे बदलली. सुटे भाग मुबलक आणि दुरुस्तीचा अनुभव असलेले कारागीर बहुतेक शहरांत उपलब्ध असल्याने उत्पादन थांबल्यानंतरही या गाड्या वापरात आहेत. त्या आणखी किती वर्षे चालतील, हे प्रदूषणविषयक नियमांबरोबरच त्यांच्या तळाशी असलेल्या तीन लिटर तेलाची निगा कशी राखली जाते, यावर अवलंबून आहे.